अजविलाप म्हणताना चौथ्या अक्षरावर घाई नको

पत्नीच्या श्रद्धांजलीच्या चौकटीत कधीकधी एक संस्कृत श्लोक छापलेला दिसतो. वर फोटो, मध्ये ‘गृहिणी सचिव सखी मिथ, प्रिय शिष्या ललिते कला विधौ’ आणि खाली शोकाकुल परिवार. श्लोक कालिदासाचा आहे, रघुवंशाच्या आठव्या सर्गातला ६७वा. बोलतो आहे तो राजा अज, दशरथाचा बाप आणि रामाचा आजोबा. पत्नी इंदुमती अचानक गेल्यावर त्याने केलेला शोक म्हणजे अजविलाप. छापताना ‘सचिवः’ आणि ‘मिथः’ यांचे विसर्ग गळतात आणि पहिला चरण तिथेच लंगडायला लागतो. शेवटच्या ‘हृतम्’चं ‘ह्रतम्’ होतं. म्हणून आधी शुद्ध श्लोक:

गृहिणी सचिवः सखी मिथः
प्रियशिष्या ललिते कलाविधौ ।
करुणाविमुखेन मृत्युना
हरता त्वां वद किं न मे हृतम् ॥

घर सांभाळणारी तू, सल्ला देणारी तू, एकांतातली मैत्रीण तू, कला शिकताना माझी लाडकी शिष्या तू. दयेकडे पाठ फिरवलेल्या मृत्यूने तुला नेलं, तेव्हा सांग, माझं काय न्यायचं बाकी ठेवलं?

हे नवऱ्याचं बोलणं आहे. आईच्या फोटोखाली मुलांच्या नावाने हा श्लोक छापू नये. ‘सखी मिथः’ हे शब्द मुलाच्या तोंडी शोभत नाहीत. मुलांना रघुवंशातलंच काही हवं असेल तर त्याच सर्गातला ‘गुणशेषा’ हा एक शब्द पुरेसा आहे. दहा दिवसांनंतर अजाने तिचे विधी पुरे केले त्या श्लोकात, ७३व्यात, तो येतो. जिचे आता फक्त गुण उरले आहेत ती.

पण छपाई हा या विलापाचा खरा मुक्काम नव्हे. तो म्हणायचा आहे. ४४ ते ६९ असे २६ श्लोक, बहुतेक तिला उद्देशून, ती मांडीवर निपचित असताना बोललेले. नुसत्या डोळ्यांनी वाचले तर उपमा कळतात आणि माणूस ‘वा’ म्हणून पान उलटतो. मोठ्याने म्हटले की त्यातला हुंदका सापडतो, आणि तो नेमका कुठल्या अक्षरावर आहे हे बोट ठेवून दाखवता येतं.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंदुमती ही विदर्भाची, भोजराजाची बहीण. म्हणजे आपल्याकडचीच लेक. सहाव्या सर्गात तिचं स्वयंवर आहे. एकेका राजाला ओलांडून जाणारी इंदुमती कालिदासाला रात्री राजमार्गावरून सरकणाऱ्या दिव्याच्या ज्योतीसारखी दिसते आणि त्या उपमेवरून कवीला ‘दीपशिखा कालिदास’ हे नाव पडलं. ती अजाच्या गळ्यात माळ घालते. पुढे मूल होतं, दशरथ. एके दिवशी दोघं नगराबाहेरच्या बागेत असताना नारद आकाशातून गोकर्णाला शंकरापुढे वीणा वाजवायला निघालेला असतो. वीणेच्या टोकाला दिव्य फुलांची माळ असते. वारा ती उडवतो, जणू त्यालाच त्या वासाचा मोह पडला, आणि ती येऊन इंदुमतीच्या छातीवर पडते. ती माळेकडे क्षणभर पाहते आणि डोळे मिटते. कोसळताना नवऱ्यालाही खाली ओढते. इथे ३८व्या श्लोकात कवी पुन्हा दिवाच आणतो: गळणाऱ्या तेलाच्या थेंबाबरोबर ज्योतही जमिनीवर येते. स्वयंवरातला दिवा आणि हा दिवा एकाच बाईसाठी आहेत. माळेचंही तसंच. एका माळेने लग्न जुळलं, दुसरीने मोडलं. म्हणण्याचा कार्यक्रम करायचा असेल तर निवेदनात एवढंच सांगावं. हरिणी नावाची अप्सरा, तृणबिंदू ऋषींचा शाप वगैरे भाग कवी विलाप संपल्यावर सांगतो, तेव्हा आपणही तो आधी सांगून टाकू नये. ती शापमुक्त झाली हे ऐकणाऱ्याला आधीच कळलं तर अजाचा एकही प्रश्न त्याला टोचत नाही.

आता वृत्त. नाव वियोगिनी, काही जण सुंदरी म्हणतात. वैतालीय नावाच्या मात्रावृत्ताचं हे अक्षरांत घट्ट बसवलेलं रूप. पहिला आणि तिसरा चरण १० अक्षरांचा, दुसरा आणि चौथा ११ अक्षरांचा. लगावली अशी (ल म्हणजे लघू, एका मात्रेचं अक्षर; गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचं):

ललगा ललगा लगालगा
ललगागा ललगा लगालगा

दोन ओळी एकाखाली एक ठेवून पाहा. फरक एकाच ‘गा’चा आहे. पहिल्या ओळीत तीन अक्षरांनंतर आवाज लगेच पुढच्या दोन लघूंवर उतरतो. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या अक्षराच्या गुरूनंतर आणखी एक गुरू येतो, चौथं अक्षर. मात्रा मोजल्या तर १४ आणि १६. पहिल्या ओळीने कानाला एक चाल लावून दिलेली असते, कान तीच अपेक्षा धरून दुसऱ्या ओळीत शिरतो आणि तिथे आवाज एक पाऊल जास्त अडतो. मग उरलेली सात अक्षरं दोन्ही ओळींत अगदी सारखी. बोलताना गळा दाटून आलेला माणूस असाच बोलतो. वाक्य सुरू होतं, अडतं, मग पूर्ण होतं.

आणि कालिदास त्या अडलेल्या जागी काय ठेवतो ते बघा. ‘हरता त्वां’, चौथं अक्षर ‘त्वां’, म्हणजे तुला. ४६व्या श्लोकात:

स्रगियं यदि जीवितापहा
हृदये किं निहिता न हन्ति माम् ।
विषमप्यमृतं क्वचिद्भवे-
दमृतं वा विषमीश्वरेच्छया ॥

ही माळ जर जीव घेणारी आहे तर मी ती माझ्या छातीवर ठेवली आहे, मला का मारत नाही? ईश्वराच्या मनात असेल तर कुठे विषाचं अमृत होतं, कुठे अमृताचं विष. दुसऱ्या चरणाचं चौथं अक्षर ‘किं’, का. चौथ्या चरणाचं ‘वा’, किंवा. ६६व्यात ‘विरतं गेयम्’ मध्ये गाण्याचा ‘गे’ आणि ‘परिशून्यं’ मध्ये शून्याचं दुसरं अक्षर. ६९व्यात शेवटी ‘मम सर्वे विषयास्त्वदाश्रयाः’, चौथं अक्षर ‘सर्वे’मधला ‘र्वे’. माझं जे काही होतं ते सगळं तुझ्या आधारावर होतं. प्रत्येक चरणात असं अर्थाचं अक्षर तिथे पडत नाही, ‘प्रियशिष्या’तल्या ‘ष्या’वर काही मोठं अडलेलं नाही. पण इतक्या वेळा पडतं की म्हणणाऱ्याने त्या जागेचा मान राखलाच पाहिजे.

बहुतेकांचं म्हणणं बिघडतं ते इथेच. दुसरी ओळ पहिलीच्या चालीवर रेटली जाते, चौथं अक्षर आखडतं घेतलं जातं आणि मग पुढे कुठेतरी एक मात्रा उरते, ती ओळीच्या शेवटी नको तिथे ताणून भरावी लागते. याच्या उलट चूकही होते. चौथ्या अक्षरावर लांबवायचं म्हटलं की माणूस तिथे थांबतोच. ‘हरता त्वां’ नंतर थांबलं तर अर्थाला धक्का बसत नाही, पण ‘विरतं गे’ नंतर थांबलात तर शब्दाचे दोन तुकडे झाले. लांबवायचं, तोडायचं नाही. नेहमीच्या गुरूला दोन मात्रा देता, तर इथे अडीच द्या. तीन दिल्यात तर गाणं होतं, आणि गाणं झालं की शोक गेला.

सराव असा करावा. पहिले दोन दिवस श्लोकाला हातच लावू नका. नुसती ‘ललगा ललगा लगालगा, ललगागा ललगा लगालगा’ मांडीवर बोट आपटत २०-२५ वेळा, ल ला एक ठोका, गा ला दोन. तिसऱ्या दिवशी ६७वा श्लोक घ्या, कारण त्यात संधी कमी आहेत आणि शब्द ओळखीचे आहेत. मराठी जिभेला वृत्त पटकन बसावं म्हणून सरावापुरता त्याचाच हा एक समश्लोकी, म्हणजे त्याच वृत्तातला मराठी, साचा:

गृहिणी, सचिवा, सखी खरी,
मजपाशी शिकली कला तुवा;
तुजला यम नेइ निर्दयी,
उरले काय मला तुझ्याविना?

मात्रा जुळतात, वृत्त बसतं, पण मूळ श्लोकाची जागा हा घेऊ शकत नाही. यात ‘वद’ राहिला नाही. सांग, असं तो तिला म्हणतो, जी आता काहीच सांगू शकत नाही. त्या दोन लघू अक्षरांवर सगळा श्लोक तोललेला आहे. ‘करुणाविमुख’, दयेकडून तोंड फिरवलेला, याचंही नुसतं ‘निर्दयी’ झालं. म्हणून हा साचा पाच-सात वेळा म्हणून सोडून द्यावा आणि मुळाकडे जावं.

मुळाकडे गेल्यावर मराठी माणसाच्या तोंडाच्या तीन खोडी आडव्या येतात. पहिली, शब्दाच्या शेवटचा अ खाण्याची. आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. त्याच सवयीने ‘विमुखेन्’ म्हटलं की दहाची नऊ अक्षरं होतात. ‘वद’, ‘न’, ‘मुखेन’, ‘स’, सगळीकडे शेवटचा अ पूर्ण उच्चारायचा. दुसरी, ‘स्र’चा ‘स्त्र’ करण्याची. सहस्रचं सहस्त्र करणारी जीभ ‘स्रगियं’ला हमखास ‘स्त्रगियं’ म्हणते. स्रज् म्हणजे माळ, त्यात त् नाही. तिसरी खोडी जरा शिकलेल्यांची. अर्थ कळावा म्हणून ते संधी सोडवून म्हणतात, ‘विषम् अपि अमृतं’. ‘विषमप्यमृतं’ मध्ये सहा अक्षरं आहेत, सोडवल्यावर सात झाली आणि चरण फुटला. चरणाच्या आत संधी कधीही सोडवू नये. दोन चरणांच्या मधली संधी मात्र शिकताना सोडवली तर चालते. ‘क्वचिद्भवेत्’ म्हणून किंचित टेकावं आणि ‘अमृतं वा’ने पुढे जावं, मात्रांना काही होत नाही. छापील प्रतीत ‘भवेदमृतं’ असं सलग दिसतं आणि नवखा माणूस कुठे टेकायचं ते न कळून ‘भवेदमृ’वर श्वास घेतो. म्हणून वहीत श्लोक उतरवताना चार ओळींत लिहा, दोन नव्हे.

श्वास दुसऱ्या चरणाच्या शेवटी पुरा घ्यायचा. पहिल्याच्या शेवटी नुसतं टेकायचं. दोन चरणांच्या ३० मात्रा होतात. सेकंदाला चार मात्रांची संथ गती धरली तर साडेसात सेकंद, कोणालाही एका दमात जमतं. श्लोकाला १५ सेकंद, दोन श्लोकांमध्ये पाच सेकंद शांतता, म्हणजे २६ श्लोक सुमारे पावणेनऊ मिनिटांत होतात. सहा मिनिटांत संपले तर समजावं की चौथी अक्षरं सगळी गिळली गेली आहेत. चाल तीन-चार सुरांपलीकडे नेऊ नये. मंगलाष्टकांची चाल तर चुकूनही नको. ते शार्दूलविक्रीडित आहे, १९ अक्षरांचं, आणि ती सवय लागलेला गळा वियोगिनीच्या दहा अक्षरांत मावत नाही, शेवटची अक्षरं ओढत बसतो.

या वृत्ताबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते विलापाच्या वेळी सुरू होत नाही. आठव्या सर्गाचा पहिला श्लोकच ‘अथ तस्य विवाहकौतुकं’ असा आहे. अजाच्या हातातलं लग्नकंकण अजून सुटलेलं नाही आणि त्याचा बाप रघू त्याच्या हाती राज्य सोपवतो. तिथेच वियोगिनी लागते आणि ९०व्या श्लोकापर्यंत तीच चालते. कालिदासाच्याच कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गातला रतीचा विलाप याच वृत्तात आहे. ज्याला ही चाल ठाऊक आहे त्याला कंकणाच्या ओळीतच पुढचं ऐकू येतं. जमलं तर हा पहिला श्लोक निवेदनाआधी एकदा म्हणावा, काहीही न सांगता.

विलापात एक जागा अशी आहे की तिथे उपमा नाही, तत्त्वज्ञान नाही, नुसती एक वस्तू आहे. ६४वा श्लोक.

तव निःश्वसितानुकारिभि-
र्बकुलैरर्धचितां समं मया ।
असमाप्य विलासमेखलां
किमिदं किन्नरकण्ठि सुप्यते ॥

तुझ्या श्वासासारखा वास असलेल्या बकुळीच्या फुलांची मेखला आपण दोघं मिळून ओवत होतो, ती अर्धीच झाली आहे. ती पुरी न करता हे काय, झोपलीस?

बकुळ ज्याने ओवली आहे त्याला हा श्लोक वेगळा कळतो. बकुळीची फुलं झाडावरून तोडत नाहीत, पहाटे खाली पडलेली वेचतात. गळून पडलेल्या फुलाच्या मधोमध आपसूकच भोक असतं, त्यामुळे सुई लागत नाही, दोरा नुसता सरकवत जायचा. फूल बोटाच्या पेराहूनही लहान, म्हणून कंबरेभोवती येईल एवढी माळ करायला शेकड्याने फुलं लागतात आणि दोघं बसले तरी पुष्कळ वेळ जातो. एक वेचून देणार, एक ओवणार. आणि बकुळ वाळली तरी तिचा वास जात नाही. मोगऱ्याची अर्धी माळ संध्याकाळपर्यंत काळी पडून टाकून द्यावी लागली असती. ही अर्धी मेखला टाकून देता येणार नाही. ती दहाव्यालाही वास देत असणार. कालिदासाने हे सांगितलेलं नाही, त्याने फक्त बकुळ निवडली. ‘बकुलैरर्ध’ मधलं चौथं अक्षर कोणतं ते मोजा. ‘अर्ध’ तिथेच सुरू होतो.

म्हणताना इथे ‘सुप्यते’ वर आवाज वर न्यायचा मोह होतो, प्रश्न आहे म्हणून. नेऊ नये. झोपलेल्या माणसाला विचारतो तितक्याच आवाजात म्हणावं.

नाशिकच्या ऐकणाऱ्यांसमोर म्हणणार असाल तर एका श्लोकावर हमखास वाद होईल. ६८वा. तो गाळा, असं कोणीतरी सुचवतं, कारण त्यात अजाने स्वतःच्या तोंडातून तिला पाजलेल्या मद्याचा उल्लेख आहे. दहाव्याला, तेराव्याला जमलेल्या मंडळींसमोर हे कसं म्हणायचं? माझं म्हणणं, तो गाळला तर बाकीचेही ठेवू नका. कारण तो श्लोक मद्याचा नाही, जलांजलीचा आहे. ‘मदाननार्पितं मधु’ प्यायलेली तू, आता आसवांनी मळलेली, परलोकात पोचलेली पाण्याची ओंजळ मागून कशी पिशील? रामकुंडावर ओंजळीत पाणी आणि तीळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या मनात जे येतं आणि जे तो कोणाला सांगू शकत नाही, ते इथे राजा बोलून दाखवतो. ६२व्यातही तेच आहे. जो अशोक तू फुलवलास त्याची फुलं तुझ्या केसांत माळायची होती, ती आता मी तुझ्या पिंडाच्या माळेसाठी कशी न्यायची? हे दोन श्लोक विलापाला विधीशी जोडतात. आपल्या गावात ते गाळून चालणार नाही.

त्यावर अजाचे कुलगुरू वसिष्ठ यांचं उत्तरही विधीतूनच येतं. गुरू यज्ञात बसलेले, म्हणून शिष्याकरवी निरोप पाठवतात. ८६व्या श्लोकात म्हणतात, शोक आवर आणि निवाप, म्हणजे पिंड-पाणी, देऊन तिच्यावर कृपा कर. आप्तांचे सतत वाहणारे अश्रू गेलेल्या जिवाला जाळतात, असं म्हणतात. आपल्याकडची वडीलधारी ‘रडू नकोस, त्यांना त्रास होतो’ म्हणतात ते हेच. मात्र शब्द नीट पाहा. ‘किल’ आणि ‘प्रचक्षते’. असं म्हणतात, असं सांगतात. कवीने हे स्वतःचं मत म्हणून ठेवलेलं नाही. ८७वा, ‘मरणं प्रकृतिः शरीरिणां’, हा तर सगळ्यांना पाठ असतो. देहधाऱ्यांना मरण हीच स्वाभाविक स्थिती, जगणं हा अपवाद, क्षणभर श्वास मिळाला तरी फायदाच.

हे सांत्वनाचे श्लोक विलापाला लगेच जोडून म्हणायची पद्धत पडली आहे, जणू जखमेवर लगेच पट्टी. पण ९१वा श्लोक वाचा. अजाने ‘ठीक आहे’ म्हणून गुरूंचा उपदेश ऐकून घेतला, शिष्याला वाटेला लावलं, आणि शोकाने गच्च भरलेल्या त्याच्या हृदयात त्या उपदेशाला जागाच न मिळाल्याने तो जणू गुरूकडे परत गेला. या श्लोकापाशी वियोगिनी सुटते, तोटक वृत्त येतं. एवढ्या शहाण्या उपदेशाचं पुढे काय झालं हे कालिदासाने लपवलेलं नाही. म्हणून ८७वा म्हणायचाच असेल तर ९१वाही म्हणा. नुसता ८७वा म्हटला तर ज्याचं माणूस गेलं आहे त्याला वाटतं, मलाच कसं समजत नाही?

पुढे अज आठ वर्षं जगतो. मूल लहान आहे म्हणून. तिच्यासारखं कुठे काही दिसलं की पाहत, तिचं चित्र पाहत, स्वप्नात क्षणभर भेटत. आणि ९३व्यात ती ओळ येते जी जुन्या नाशकात, सराफ बाजारापासून पंचवटीपर्यंत, कुठल्याही जुन्या वाड्याच्या भिंतीकडे मान वर करून पाहिली की समजते. शोकाचा खिळा त्याच्या हृदयात शिरला आणि प्लक्षाचा कोंब वाड्याची गच्ची फोडतो तसं त्याने हृदय फोडलं. प्लक्ष हे वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडतं, एका पावसाळ्यात चार पानं दिसतात, पोपटी, नाजूक, कोणालाही काढावीशी न वाटणारी. मूळ मात्र ओलाव्याच्या मागे सांध्यासांध्यातून आत जात असतं. वरून छाटलं तर तिथूनच दोन फुटवे येतात. आठ वर्षांत ते बोटाएवढं होतं आणि विटांचा थर उचलतं. वैद्यांना असाध्य, असं कवी म्हणतो, आणि अजाला तो लाभच वाटला, तिच्यामागे लवकर जाता येईल म्हणून. हा श्लोक वसंततिलकात आहे, चाल बदलावी लागते. दोन चालींच्या मध्ये किमान दहा सेकंद सोडा.

पाऊण तासाच्या बैठकीसाठी सगळा विलाप नको. ४३व्यापासून सुरुवात करावी, ‘विललाप स बाष्पगद्गदं’. तापलं तर लोखंडही मऊ होतं, मग देहधाऱ्यांचं काय, असा तो आहे. मग ४४ ते ४७, ६२, ६४ ते ७० आणि ९३. चौदा श्लोक. प्रत्येकाचा अर्थ श्लोकाआधी दोन वाक्यांत, आणि श्लोकानंतर एक शब्दही नाही. अर्थ नंतर सांगितला की श्लोक पुसला जातो. जागा म्हणाल तर बंद खोली बरी. घाटावर घंटा, भोंगे आणि माणसांचा राबता असतो, तिथे लघू-गुरू टिकत नाहीत. टाळ्या नकोत हे आधीच सांगून ठेवावं.

६५वा श्लोक म्हणताना ऐकणाऱ्यांना एक गोष्ट मात्र सांगा. ‘प्रतिपच्चन्द्रनिभोऽयमात्मजः’, प्रतिपदेच्या चंद्राएवढा हा आपला मुलगा, तरी तू जायचं ठरवलंस? तो तान्हा मुलगा दशरथ. गोदावरीच्या ज्या कुंडावर आपण अस्थी सोडतो, तिथे रामाने ज्या पित्याचं श्राद्ध केलं असं आपली परंपरा सांगते, तो हाच. ‘अयम्’ या शब्दावर आवाज खाली आणावा, मूल शेजारीच आहे असा.

आणि ९५वा म्हणायचा की नाही, हे समोर कोण बसलं आहे त्यावर ठरवा. तो मंदाक्रांतेत आहे. जाह्नवी आणि शरयू यांच्या संगमावर अज देह ठेवतो आणि नंदनवनात पूर्वीपेक्षाही सुंदर झालेल्या इंदुमतीला पुन्हा भेटतो. निवेदनात ‘गंगेवर देह ठेवला’ असं म्हणू नका. नाशकात गंगा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोदावरीच उभी राहते आणि अज रामकुंडावर गेला असा समज होतो. जाह्नवीच म्हणा. शोक ताजा असेल तर ९३व्यावर थांबा. वर्षश्राद्धाला पुढे जायला हरकत नाही.